फॉरमॅट झालेले कार्ड आणि पडलेली डिस्क: आतले परत कसे आणायचे

प्रश्न गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका शिक्षिकेचा आहे. पौषात त्यांच्या वाड्यावरच्या मांडावर, म्हणजे उत्सवाच्या ठरलेल्या जागेवर, धालो झाले, बायकांच्या गाण्या-नाचाचा उत्सव. त्याचे सगळे रेकॉर्डिंग भाच्याने कॅमेऱ्यावर केले, ६४ जीबीच्या कार्डावर. गाणाऱ्यांतल्या दोन आज्या ऐंशीच्या पुढच्या आहेत. पुढे शिगमोत, म्हणजे होळीच्या सणात, ढोल-ताशांची मिरवणूक (रोमटामेळ) टिपायला कॅमेरा बाहेर काढला तेव्हा स्क्रीनवर आले की कार्ड वाचता येत नाही, फॉरमॅट करा. भाच्याने हो दाबले, थोडे फोटोही काढले, आणि मग धालोची आठवण झाली. घरी एक जुनी पोर्टेबल हार्ड डिस्क आहे. तिच्यात आधीच्या वर्षांचे धालो आणि वडिलांनी बसवलेल्या भजनांच्या चाली आहेत. धालोची एखादी प्रत तिच्यात मिळते का पाहायला ती काढली, तर टेबलावरून पडली. आता ती टिक टिक करते आणि कम्प्युटरवर दिसत नाही. त्यांनी विचारले आहे: लॅपटॉपवर रिकव्हरीचे सॉफ्टवेअर घालून पाहू का? डिस्क फ्रीजरमध्ये ठेवली की चालू होते हे खरे का? आणि शाळेच्या लॅपटॉपमधून चुकून उडवलेला निकालांचा फोल्डर त्याच सॉफ्टवेअरने मिळेल का?

बाई, आधी थोडक्यात सांगतो. कार्डातले बरेच काही मिळण्याची शक्यता चांगली आहे. डिस्क यापुढे एकदाही कम्प्युटरला लावू नका, घरी तिच्यावर करण्यासारखे काही नाही. लॅपटॉपचे अवघड आहे, आणि त्यासाठी सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी पाहायच्या दोन-तीन जागा वेगळ्या आहेत.

म्हापशातल्या माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर जी उपकरणे येतात त्यांतल्या बऱ्याच जणांचे खरे नुकसान अपघाताने झालेले नसते. ते अपघात आणि दुरुस्ती यांच्या मधल्या दोन-तीन दिवसांत होते. कार्ड फॉरमॅट झाले, तरी फाइली होत्या. मग शेजारच्या मुलाने सॉफ्टवेअर चालवले, सापडलेल्या फाइली त्याच कार्डावर साठवल्या, आणि न सापडलेल्यांवर त्या जाऊन बसल्या. म्हणून पहिला नियम एवढाच: ज्यातून काढायचे आहे त्यावर काहीही लिहायचे नाही. दुसरा नियम पहिल्यातूनच येतो. मूळ उपकरणावर शोध घ्यायचा नाही. त्याची सेक्टर-न्-सेक्टर, म्हणजे साठवणीच्या प्रत्येक छोट्या कप्प्याची, पूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर काढायची, आणि जे काही प्रयोग करायचे ते त्या प्रतीवर. या प्रतीला आम्ही इमेज म्हणतो. इमेज हातात आली की घाई संपते. दहा सॉफ्टवेअर चालवा, चुका, पुन्हा चालवा, मूळ कार्ड पाकिटात सुरक्षित आहे.

आता कार्डाकडे येऊ. ६४ जीबी आणि त्याहून मोठी एसडी कार्डे एक्सफॅट नावाच्या फाइल सिस्टिमवर, म्हणजे फाइली मांडून ठेवायच्या पद्धतीवर, चालतात, ३२ जीबीपर्यंतची फॅट३२ वर. कॅमेऱ्यातले साधे फॉरमॅट म्हणजे या फाइल सिस्टिमची नोंदवही कोरी करणे. कुठल्या जागा भरलेल्या आणि कुठल्या मोकळ्या याचा नकाशा पुसला जातो, मुख्य फोल्डरची यादी रिकामी होते. फाइलींचा मजकूर जिथे होता तिथेच असतो. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावरून नाव खोडले म्हणून कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, जागचे हलत नाही, तसेच हे. फरक एवढाच की कॅमेऱ्याच्या लेखी आता ती जागा मोकळी आहे, आणि पुढचा फोटो तो खुशाल तिथेच लिहील.

यात दोन अपवाद आहेत. काही कॅमेऱ्यांत लो-लेव्हल फॉरमॅट असा वेगळा पर्याय असतो. तो निवडला असेल तर साठवणीची सगळी जागाच पुसली जाते आणि मागे काही राहत नाही. कम्प्युटरवर विंडोजमध्ये क्विक फॉरमॅटची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केले असेल तर विंडोज व्हिस्टापासून ते पूर्ण भागावर शून्ये लिहिते, तिथेही आशा नाही. भाच्याला नीट विचारा की त्याने नेमके काय दाबले. ६४ जीबीचे कार्ड दोन-चार सेकंदांत फॉरमॅट झाले असेल तर ते बहुधा साधेच होते.

भाच्याने नंतर काढलेल्या फोटोंचा परिणाम काय? फॉरमॅट केलेल्या कार्डावर कॅमेरे सहसा सुरुवातीपासून भरत जातात. म्हणजे शिगमोचे फोटो धालोच्या सुरुवातीच्या भागावर बसले असणार. समजा एकेक फोटो दहा-पंधरा एमबीचा आणि असे वीस फोटो. मग दोन-तीनशे एमबी गेले. पहिल्या रात्रीच्या पहिल्या क्लिपचा काही भाग गेला, बाकीच्या रात्री बहुधा शाबूत. पण आणखी एक गोष्ट बरोबर जाते, तिचा फारसा कोणी विचार करत नाही. एक्सफॅटमध्ये प्रत्येक फाइलचे नाव, तिची लांबी आणि ती कुठे सुरू होते हे त्या त्या फोल्डरच्या नोंदीत असते. नुसते फॉरमॅट झाले आणि नंतर एकही फोटो काढला नाही, तर आतल्या फोल्डरच्या या नोंदी बहुतेक वेळा सापडतात आणि फाइली नावानिशी, तारखेनिशी उभ्या राहतात. फोटो काढले की कॅमेरा नवा फोल्डर बनवतो, आणि तो नेमका जुन्या फोल्डरच्याच जागी बसण्याची शक्यता मोठी असते. मग नावे जातात, फाइली राहतात. त्या शोधण्याची रीत वेगळी, ती पुढे सांगतो.

तुमच्या पत्रातली एक ओळ मला जास्त महत्त्वाची वाटते. फॉरमॅट करण्याआधीच कॅमेरा म्हणत होता की कार्ड वाचता येत नाही. म्हणजे फॉरमॅट हे दुखण्यावर झालेले दुसरे दुखणे आहे. पहिले काय होते? कदाचित रेकॉर्डिंग चालू असताना बॅटरी संपली आणि नोंदवही अर्धवट लिहिली गेली. कदाचित कार्डाचे सोनेरी संपर्क पावसाळी दमटपणाने काळवंडले. कदाचित आतली मेमरीच झिजत आली आहे. पहिली दोन कारणे सौम्य आहेत. तिसरे असेल तर कार्ड प्रत्येक वेळी वाचताना थोडे थोडे खचते आणि एक दिवस कार्ड रीडरला दिसेनासे होते. हे कोणते कारण आहे हे बाहेरून कळत नाही, म्हणून वाईटच धरून चालायचे आणि पहिल्याच वाचनात पूर्ण प्रत काढायची.

ती अशी काढा. कार्डाच्या बाजूची बारीक कळ लॉककडे सरकवा. मायक्रोएसडी असेल तर ॲडॉप्टरवरची. ही कळ कार्डाच्या आत काही बंद करत नाही, ती फक्त रीडरला सांगते की लिहू नको, आणि काही रीडर ऐकत नाहीत. तरी लावाच, कारण कार्ड घातल्याबरोबर विंडोज स्वतःचा एक लपलेला फोल्डर त्यावर बनवू पाहते, आणि मॅक तर तीन-चार. संपर्क आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने हलकेच पुसून वाळू द्या. कार्ड घातल्यावर विंडोज विचारेल, फॉरमॅट करू का, किंवा चुका तपासून दुरुस्त करू का. दोन्हीला नकार द्या. ही दुरुस्ती करणारे विंडोजचे चेकडिस्क हे वाचवण्याचे साधन नाही. त्याचे काम फाइल सिस्टिम सुसंगत करणे, आणि त्यासाठी न जुळणाऱ्या नोंदी ते कापून टाकते.

इमेज काढायला विंडोजवर एफटीके इमेजर फुकट मिळते. कार्ड धडधाकट असेल तर ते पुरते. मात्र तुमच्यासारख्या संशयास्पद कार्डासाठी मी लिनक्सवरचे डीडीरेस्क्यू वापरतो, आणि तुमच्या भाच्याला थोडीफार कमांड लाइन येत असेल तर तेच वापरा म्हणेन. त्याची खुबी अशी की ते अडले तिथे हट्ट करत नाही. आधी सहज वाचता येणारे सगळे उचलते, अडलेल्या जागांची नोंद एका वेगळ्या मॅप फाइलमध्ये ठेवते, आणि मग सवडीने त्या जागांकडे परत येते. मधेच वीज गेली, कार्ड निसटले, तरी ती मॅप फाइल दिली की जिथे थांबले तिथून पुढे. पहिल्या फेरीत खरवडणे, म्हणजे अडलेल्या जागा कणाकणाने वाचत बसणे, बंद ठेवायचा पर्याय आहे तो द्या, नंतर दोन-तीन पुन्हा-प्रयत्न द्या. एकच काळजी: कुठून वाचायचे आणि कुठे लिहायचे हे दोन्ही नावांनी सांगावे लागते, ती उलट झाली तर सगळे संपले. एंटर दाबण्याआधी दोघांनी मिळून वाचा. इमेजला ६० जीबीच्या आसपास जागा लागेल, काढलेल्या फाइलींना तेवढीच आणखी.

इमेज झाली की कार्ड पाकिटात घालून त्यावर तारीख लिहा आणि बाजूला ठेवा.

मग शोध, दोन पायऱ्यांत. पहिली पायरी म्हणजे जुन्या फोल्डरच्या नोंदी हुडकणारी सॉफ्टवेअर: डीएमडीई, आर-स्टुडिओ, यूएफएस एक्सप्लोरर. डीएमडीईची फुकट आवृत्ती एका वेळी एका फोल्डरमधल्या ४००० फाइलींपर्यंत काढू देते. धालोच्या क्लिपांना ते पुरून उरेल. इथे नावे आणि तारखा मिळाल्या तर तुमचे काम बहुतेक झाले. मिळाल्या नाहीत तर दुसरी पायरी, फोटोरेक. हे क्रिस्टोफ ग्रेनिए यांचे मुक्त सॉफ्टवेअर, टेस्टडिस्कच्या जोडीने येते. ते नोंदवहीकडे पाहतच नाही. प्रत्येक प्रकारची फाइल ठरावीक बाइटांनी सुरू होते, जेपेग फोटो उदाहरणार्थ एफएफ डी८ एफएफ या बाइटांनी. फोटोरेक इमेज पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळून अशा सुरुवाती शोधते आणि तिथून फाइल कापून काढते. नावे मिळत नाहीत, क्रमांक मिळतात. फोटोंसाठी हे फार छान चालते.

व्हिडिओसाठी तितके नाही, आणि तुमचे काम व्हिडिओचे आहे. दोन अडचणी येतात. एक, काही कॅमेरे मोठ्या क्लिपबरोबर तिची हलकी प्रतही एकाच वेळी लिहितात, त्यामुळे दोन्हींचे तुकडे कार्डावर एकाआड एक पडतात. फोटोरेक सलग कापते, म्हणून एका फाइलीत दोन्हींची सरमिसळ होते आणि ती चालत नाही. दोन, एमपी४ फाइलीत कुठली फ्रेम कुठे आहे, आवाज कुठे आहे याची यादी असते. तिला मूव्ह ॲटम म्हणतात, आणि कॅमेरा ती बहुधा रेकॉर्डिंग थांबवल्यावर, शेवटी लिहितो. बॅटरी मधेच संपली असेल तर ती यादी कधी लिहिलीच गेली नाही. फाइल चार जीबीची दिसते पण प्लेअर म्हणतो उघडता येत नाही. अशी फाइल उडवू नका. त्याच कॅमेऱ्यावर, त्याच सेटिंगवर, दुसऱ्या कार्डावर दोन-तीन मिनिटांचे साधे रेकॉर्डिंग करा. अनट्रंकसारखे साधन त्या चांगल्या नमुन्यावरून मोडक्या फाइलीची यादी पुन्हा रचते. कधी चित्र तुटक राहते पण आवाज सलग मिळतो. धालोच्या बाबतीत मी आवाजाला आधी जपेन. ती गाणी बायकांच्या तोंडून तोंडी आली आहेत, आणि मांडावर कोण कुठे उभी होती हे पुढच्या पौषात पुन्हा टिपता येईल.

निघालेली प्रत्येक फाइल पूर्ण उघडून पाहा. फोटोच्या आत त्याची छोटी प्रत वेगळी साठवलेली असते, त्यामुळे फोल्डरमध्ये फोटो नीट दिसतो आणि उघडल्यावर खालचा अर्धा भाग करडा निघतो. विकत घ्यायच्या सॉफ्टवेअरचे फुकट पूर्वदर्शन पाहून पैसे भरताना हीच फसगत होते. क्लिप असेल तर मधूनच आणि शेवटी नेऊन चालवून बघा, मगच पैसे भरा.

कार्ड रीडरला दिसतच नसेल तर मात्र हे सगळे निरुपयोगी आहे. मायक्रोएसडीत आणि बऱ्याच नव्या छोट्या कार्डांत कंट्रोलर (मेमरीचा कारभार पाहणारी चिप) आणि मेमरी एकाच ठोकळ्यात असतात. वरचा थर खरवडून आतल्या चाचणीच्या बिंदूंना केसाइतक्या तारा जोडून मेमरी थेट वाचावी लागते आणि मग कंट्रोलरने केलेली उलथापालथ सोडवावी लागते. हे काम होते, पण त्यासाठी मुंबई, पुणे, बंगळूरला जावे लागते आणि वेळ लागतो.

आता डिस्क. टिक टिक हा आवाज कशाचा ते सांगितले की ती का लावू नये हे आपोआप कळेल. हार्ड डिस्कच्या आत तबकड्या फिरतात, पोर्टेबल डिस्कमध्ये बहुधा मिनिटाला ५४०० फेरे, म्हणजे सेकंदाला ९०. त्यांच्यावर वाचणारे हेड काही नॅनोमीटर उंचीवर तरंगते. धुळीचा साधा कण त्या फटीहून कितीतरी मोठा. डिस्क पडली की हेड वाकते किंवा निकामी होते. चालू केल्यावर त्याला तबकडीवरच्या खुणा वाचता येत नाहीत, म्हणून ते मागे जाऊन पुन्हा प्रयत्न करते. ती टिक. वाकलेले हेड दर प्रयत्नाला तबकडीवर घासू शकते, आणि जिथे घासले तिथला चुंबकीय थर गेला. तो जगातली कुठलीही प्रयोगशाळा परत आणत नाही. टिकटिक न होता बारीक गुणगुण किंवा बीप येत असेल तर हेड तबकडीला चिकटले असण्याची शक्यता असते. तेही वीज दिल्याने सुटत नाही, उलट तुटते.

फ्रीजरचा उपाय गोव्यात तर अजिबात नको. थंड डिस्क आपल्या हवेत बाहेर काढली की तिच्यावर दव जमते, आणि बहुतेक डिस्कना हवेचा दाब सारखा राहावा म्हणून गाळणी लावलेले एक छिद्र असते, तेव्हा ओल बाहेरच राहील याचा भरवसा नाही. सेकंदाला ९० फेऱ्यांनी फिरणाऱ्या ओलसर तबकडीवर हेड आले तर काय होईल याचा अंदाज तुम्हीच करा. डिस्क आपटणे, झाकण उघडून हेड बोटाने सरकवणे, हेही नको. झाकण उघडायचे काम ज्या स्वच्छ कक्षात होते तिथे क्लास १०० ची हवा असते: एका घनफुटात अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण शंभराहून जास्त नाहीत. पंखा चालू असलेल्या खोलीत ते शक्य नाही.

प्रयोगशाळेत त्याच मॉडेलच्या, जुळत्या फर्मवेअरच्या (डिस्कच्या आतल्या प्रोग्रॅमच्या) दुसऱ्या डिस्कमधले हेड काढून यात बसवतात, आणि ते टिकेल तोवर घाईने पण क्रमाने प्रत काढतात. या क्रमात तुमचा हात आहे. कुठले फोल्डर आधी हवेत ते लिहून द्या. नवे बसवलेले हेड कधी निम्म्यात दम सोडते. त्याआधी चित्रपट आणि जुनी सॉफ्टवेअर निघून भजनाच्या चाली राहून गेल्या, असे होऊ नये.

डिस्कचा सर्किट बोर्ड बदलून पाहा असे कोणी सुचवील. पडलेल्या डिस्कला त्याचा उपयोग नाही, आणि एरवीही नुसता तसाच दिसणारा बोर्ड चालत नाही. त्या त्या डिस्कची जुळवणी बोर्डवरच्या एका छोट्या चिपमध्ये असते, ती चिप किंवा तिच्यातला मजकूर नव्या बोर्डवर न्यावा लागतो. शिवाय काही पोर्टेबल डिस्कच्या बोर्डवर यूएसबीचे तोंड थेट जोडलेले असते आणि मजकूर बोर्डातच कुलूपबंद होतो, पासवर्ड घातलेला नसला तरी. म्हणून खोक्यातून डिस्क काढून टाकू नका, मूळ बोर्ड, खोके, केबल सगळे बरोबर द्या.

बोर्ड जळण्याची गोष्ट निघाली म्हणून एक दिलाशाची बाब. टेबलावर ठेवायच्या मोठ्या डिस्कला १२ व्होल्टचा ॲडॉप्टर लागतो, आणि घरात लॅपटॉपचा १९ व्होल्टचा तसाच दिसणारा पडलेला असतो. तो लावला की डिस्क एकदम मेल्यासारखी होते. वळवाच्या विजांनंतरही अशा डिस्क येतात. यांत बऱ्याचदा बोर्डवरचा संरक्षक डायोड स्वतः शॉर्ट होऊन बाकीच्यांना वाचवतो. मजकुराला धक्का लागलेला नसतो आणि दुरुस्ती स्वस्तात होते. आवाज नाही, थरथर नाही, पूर्ण शांत, अशी डिस्क टिकटिक करणाऱ्या डिस्कपेक्षा कितीतरी बरी.

तुमची नाही पण अनेकांची डिस्क तिसऱ्या प्रकारची असते: दिसते, पण फोल्डर उघडायला पाच मिनिटे घेते. तिच्यावर विंडोजमध्ये कॉपी-पेस्ट करत बसू नका. खराब सेक्टर आला की विंडोज त्याच जागी अडून राहते आणि दुबळे हेड तिथेच झिजते. डिस्कची तब्येत दाखवणारे क्रिस्टलडिस्कइन्फो उघडून सी५ आणि सी६ हे आकडे पाहा, म्हणजे वाचता न आलेल्या सेक्टरांची मोजणी. शून्याहून वर असतील तर सरळ डीडीरेस्क्यूने इमेज काढा, आणि आकडे वाढत असतील किंवा वेगळा आवाज आला तर थांबा.

पाण्याबद्दल तुम्ही विचारले नाही, पण २०२१ च्या जुलैतल्या पुरानंतर सत्तरी-डिचोलीच्या लोकांना हे माहीत असलेले बरे. बुडालेली हार्ड डिस्क सुकवू नका. तांदळात ठेवू नका, केसांच्या ड्रायरने तर नाहीच. सुकताना गाळ आणि क्षार तबकडीवर चिकटून बसतात. ओलसर कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत घाला आणि तशीच प्रयोगशाळेत पोचवा. कार्डाचे उलट आहे. समुद्रात किंवा खाडीत पडलेले कार्ड लगेच गोड्या पाण्याने, शक्य तर नंतर डिस्टिल्ड वॉटरने धुवा आणि सावलीत दोन दिवस पूर्ण वाळू द्या. मग संपर्क पुसून एकदाच लावा, थेट इमेज काढायला. खारे पाणी लागलेले कार्ड वीज मिळाली की झपाट्याने गंजते, म्हणून ओले असताना लावून पाहण्याचा मोह आवरा.

शाळेच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी, म्हणजे तबकड्यांऐवजी चिपवर साठवणारी डिस्क, असणार. इथे वर सांगितलेले बहुतेक लागू पडत नाही, आणि हे स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे, कारण या बाबतीत खोटी आशा फार विकली जाते. २००९ मध्ये आलेल्या विंडोज ७ पासून, फाइल कचरापेटीतूनही उडवली की विंडोज एसएसडीला कळवते की या जागा आता नको आहेत. या आज्ञेला ट्रिम म्हणतात. ती मिळाली की बहुतेक एसएसडी त्या जागा वाचायला गेल्यावर शून्येच परत देतात, आणि सवडीने आतल्या पेशी खरोखर पुसून टाकतात. फॉरमॅट केले तर पूर्ण भागालाच ट्रिम जाते. सॉफ्टवेअर फाइलींची नावे दाखवील, आकारही बरोबर दाखवील, काढल्यावर आत शून्ये असतील. नावे दिसली म्हणून पैसे भरू नका. हल्लीच्या काही पोर्टेबल हार्ड डिस्कही, ज्यांत ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, ट्रिम मानतात. त्यामुळे फॉरमॅट झालेल्या हार्ड डिस्कमधून नेहमी सगळे निघते हा जुना अनुभव आता डोळे मिटून धरता येत नाही.

म्हणून निकालांच्या फोल्डरसाठी आधी या जागा पाहा. कचरापेटी. मग वनड्राइव्ह चालू होते का, कारण डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स फोल्डर तिकडे आपसूक जात असतात, आणि वैयक्तिक खात्यात उडवलेली फाइल तिथल्या कचरापेटीत ३० दिवस राहते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीतही ३० दिवस. फोल्डरवर उजवी टिचकी मारून आधीच्या आवृत्त्या दिसतात का ते बघा. मुख्याध्यापकांना किंवा सहकाऱ्यांना ईमेलने, व्हॉट्सॲपने पाठवलेल्या प्रती गोळा करा. निकालपत्रे बहुतेकदा अशीच परत उभी राहतात. लॅपटॉप बिघडून दुकानात द्यायचा झाला तर बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, ४८ आकडी रिकव्हरी की आधी मायक्रोसॉफ्ट खात्यातून उतरवून ठेवा. नव्या विंडोजवर मजकूर नकळत कुलूपबंद झालेला असतो, आणि ती की नसेल तर शाबूत एसएसडीतूनही काही निघत नाही. मोबाइलचेही असेच आहे. फोनमधली साठवण आता कुलूपबंद असते, फॅक्टरी रीसेटबरोबर किल्ली जाते, आणि उडालेले फोटो परत देतो म्हणणारी ॲप बहुधा लहान प्रतीच दाखवतात. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेले फोटो कचरापेटीत ६० दिवस असतात, न झालेले ३०. तिथे आधी बघा.

दुकान किंवा प्रयोगशाळा निवडताना एक प्रश्न विचारा: आधी इमेज काढता का? काढतो म्हणाले, कशी ते सांगितले, तर पुढे बोला. डिस्क सरळ कम्प्युटरला लावून सॉफ्टवेअर चालवणाऱ्याकडे टिकटिकणारी डिस्क देऊ नका. तपासणीचे किती, हेड लागले तर किती, काहीच निघाले नाही तर किती, हे लेखी घ्या. निघालेल्या फाइलींची यादी पाहूनच उरलेले पैसे द्या. आणि तुमच्या फाइली त्यांच्याकडून कधी पुसल्या जातील तेही विचारा, भजनांबरोबर घरचे कागदपत्रही त्या डिस्कमध्ये असणार.

आता तुमच्यापुरते. कार्ड कॅमेऱ्यातून आजच काढा, भाच्याला दुसरे द्या. इमेज स्वतः काढणार असाल तर वर लिहिल्याप्रमाणे. डगमग वाटत असेल तर कार्ड तसेच कोणा जाणत्याकडे द्या, उशिराने त्याचे काही बिघडत नाही, वापराने बिघडते. डिस्क मऊ कापडात आणि फुग्यांच्या प्लॅस्टिकमध्ये चारी बाजूंनी दोन-तीन बोटे जाड गुंडाळा. मुंबईला कोणी घरचे जात असेल तर थिवी किंवा मडगावहून रेल्वेने हातात न्यायला सांगा, कुरियरपेक्षा मी तेच पसंत करीन. सोबत चिठ्ठी घाला. तिच्यात लिहा की डिस्क किती उंचीवरून पडली, तेव्हा चालू होती की बंद, त्यानंतर कितीदा लावली, आवाज कधीपासून. विंडोजवर वापरत होता की मॅकवर, पासवर्ड घातला होता का. आणि सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत, हव्या त्या फोल्डरांची नावे: आधी वडिलांच्या चाली, कारण त्या पुन्हा रेकॉर्ड होणार नाहीत, त्यानंतर जुने धालो वर्षांच्या क्रमाने, आणि बाकीचे मिळाले तर.